बयान्याच्या आधीचे महिने

परदेशात कायमचं राहायला निघालेलं कुटुंब घराचे कागद घेऊन येतं, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विकायला किती दिवस लागतील? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं. तीन महिने. हा आकडा बाजारातून आलेला नसतो, नोकरीतून आलेला असतो. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत राजीनाम्यानंतर तीन महिन्यांची नोटीस असते. तेवढ्यात व्हिसाचा शिक्का, मुलांच्या शाळेचे दाखले, सामानाची आवराआवर आणि जबलपूरचं घर असं सगळं उरकायचं गणित मांडलेलं असतं. घरांची मालकी तपासण्याचं आणि रजिस्ट्रीचे कागद तयार करण्याचं काम जबलपुरात करताना या गणिताचा जो अनुभव येतो, त्यावरून माझं मत असं बनलं आहे की तीन महिने हा आकडा अगदीच चुकीचा नाही. बऱ्या वस्तीतल्या, रास्त किमतीच्या घराला तेवढ्यात गिऱ्हाईक मिळू शकतं. चूक होते ती मोजायला सुरुवात कुठून करायची यात. गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घर आपलं आहे हे दाखवण्यात जातो, आणि तो वेळ विकायचं ठरण्याच्या फार आधी, कसलीही घाई नसताना देता येतो. तो तसा न देता व्हिसा आणि विमान यांच्या मधल्या फटीत घर विकायला काढणं हा सर्वांत महाग पर्याय आहे, आणि लोक बहुतेक करून नेमका तोच निवडतात.

या गावात मराठी माणूस एकाच वाटेने आलेला नाही, आणि ज्या वाटेने जो आला त्याप्रमाणे त्याच्या घराचे कागद बनले. 1781 मध्ये गढा-मंडल्याचं राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेलं, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे. 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपुरात जोडली गेली. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा, 1969 मध्ये वाहन कारखाना. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्यप्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपुरात बसलं आणि नागपूरहून वकील, कारकून, टंकलेखक यांची कुटुंबं इथे आली. जुन्या शहरातल्या गल्ल्यांमध्ये ज्यांची घरं आहेत त्यांच्याकडे पणजोबांच्या काळचा एखादा बैनामा, म्हणजे विक्रीचा दस्त, असतो आणि त्यानंतरचं काहीच नसतं. राइट टाउन, नेपियर टाउनमध्ये ज्यांनी बंगले बांधले त्यांच्यापैकी अनेकांची जमीन नगर निगमच्या लीजवर आहे. इतर काही वस्त्यांत ती नजूलची, म्हणजे सरकारी. कारखान्यांतल्या माणसांनी सहकारी समित्यांमधून प्लॉट घेतले, नंतरच्या पिढीने विकास प्राधिकरणाच्या किंवा गृहनिर्माण मंडळाच्या योजनांत. बाहेरून ही घरं सारखीच दिसतात. तुळशीवृंदावन, पुढे जाळीचा व्हरांडा, गच्चीवर टाकी. पण लीजच्या जमिनीवरचं घर विकणारा जमीन विकतच नसतो. भिंती आणि लीजची उरलेली मुदत एवढंच त्याच्या हातात असतं. ती मुदत संपून गेली असेल आणि नूतनीकरण कुणी केलंच नसेल, तर विकण्याची गोष्ट बयान्यापाशी, म्हणजे इसारापाशी, सुरू न होता नगर निगमच्या लीज शाखेपाशी सुरू होते. थकलेलं भाडं, दंड, निवासी प्लॉटवर कधीकाळी काढलेलं दुकान, यांचा निकाल लागल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

एक छोटी वाटणारी, पण बराच वेळ खाणारी अडचण भाषेची आहे. वारस पुण्यात किंवा न्यूजर्सीत वाढलेले असतात, घर जबलपुरात. ते सातबारा मागतात. इथे खसरा असतो, आणि शहरातल्या नजूल प्लॉटला तोही नेहमीच्या अर्थाने नसतो. ते फेरफाराची चौकशी करतात. इथे त्याला नामांतरण म्हणतात. पुण्यातलं खरेदीखत इथे रजिस्ट्री होतं, इसार बयाना होतो, बिनशेतीचा आदेश डायवर्शन होतो. शब्द बदलला की माणूस चुकीच्या कचेरीत जातो. दूरच्या वारसाने आंतरजालावर महाराष्ट्राची माहिती वाचून जबलपूरच्या भावाला पाठवलेली यादी कितीही नीटनेटकी असली, तरी तिच्यातली निम्मी कलमं मध्यप्रदेशात अस्तित्वातच नसतात. इथला जमीन महसूल कायदा 1959 चा, महाराष्ट्राचा 1966 चा, दोन्ही वेगळे. जबलपूरचं मराठी घर सणावारांनी महाराष्ट्रातलं असेल, कागदांनी ते पुरतं मध्यप्रदेशी आहे.

आता मुख्य प्रश्न: मालकी दाखवायला इतका वेळ का लागावा? रजिस्ट्री झालेली आहे, शिक्का आहे, मग आणखी काय हवं? याचं उत्तर आपल्या नोंदणीच्या कायद्यात आहे. 1908 चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. अमुक तारखेला अमुक माणसाने अमुक घर विकल्याचा कागद आमच्यासमोर आला, एवढंच ती कचेरी सांगते. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता का हे ती सांगत नाही. ऑस्ट्रेलियात 1858 पासून, आधी दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि मग इतर वसाहतींत, टॉरेन्स पद्धत आली. तिथे सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, आणि त्या नोंदीमागे सरकार उभं. त्यामुळे तिथे खरेदीदाराला मागच्या तीस वर्षांचा इतिहास खणावा लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक विक्रीच्या वेळी मालकी नव्याने सिद्ध करावी लागते, मागच्या प्रत्येक हस्तांतराचा दुवा दाखवून. अॅडलेडला निघालेल्या माणसाला जबलपुरात घर विकताना जे सोसावं लागतं, ते तिकडे घर घेताना सोसावं लागत नाही, ही यातली गंमत.

साखळीतला दुवा तुटतो तो बहुधा मृत्यूच्या ठिकाणी. आजोबांच्या नावावरचं घर, आजोबा गेले, आजी राहत होती, मग वडील. कर वडील भरत होते, विजेचं मीटर वडिलांच्या नावावर. त्यामुळे घर वडिलांचं, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत. पण आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतः कमावलेल्या घरात आजी, सगळी मुलं आणि सगळ्या मुली यांचा सारखा वाटा तेव्हाच पडला. मुलींना हक्क 2005 च्या दुरुस्तीनंतर मिळाला अशी एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे. ती दुरुस्ती वडिलोपार्जित सामायिक मिळकतीतल्या जन्मजात हक्काची होती. स्वकष्टार्जित घरात मुलगी 1956 पासूनच वारस आहे. म्हणजे नागपूरला दिलेली आत्या आणि ती गेली असेल तर तिची मुलं, हे सगळे सहविक्रेते ठरतात. कुणाचं भांडण नसतं. उलट सगळे म्हणतात, आम्हाला काही नको, तूच बघ. पण ‘काही नको’ हे तोंडी चालत नाही. त्याचा नोंदवलेला हक्कत्याग लागतो, आणि तो करायला प्रत्येकाला सहीसाठी उभं राहावं लागतं. नगर निगममधलं नामांतरण झालेलं आहे, हा इथे नेहमी पुढे केला जाणारा पुरावा. नामांतरणाने कर कोणाकडून घ्यायचा ते ठरतं. मालकी त्याने मिळतही नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मृत्युपत्र असेल तर काम सोपं होतं, आणि जबलपुरात त्याला मुंबईसारखी प्रोबेटची सक्तीही नव्हती. तरी साक्षीदार हयात असतानाच ते मृत्युपत्र बाहेर काढून त्यावरून नोंदी बदलून घेणं आणि पंचवीस वर्षांनी कपाटात सापडलेलं मृत्युपत्र बँकेच्या वकिलासमोर ठेवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घराच्या भिंतींचाही स्वतःचा इतिहास असतो. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला. विटा-मातीची कित्येक जुनी घरं त्यात तडकली. मग डागडुजी झाली, आणि डागडुजीच्या निमित्ताने अशा घरांत एखादी खोली वाढते, जिना बाहेरून येतो, गच्चीवर मजला चढतो. नकाशा मंजूर करून घेण्याचं त्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही. राहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो खरेदीदार कर्ज काढणारा असेल तेव्हा. बँकेचा मूल्यांकन करणारा टेप लावतो आणि मंजूर नकाशापेक्षा जास्त असलेलं बांधकाम हिशेबातून वगळतो. कर्ज तेवढं कमी होतं, आणि ठरलेला सौदा पुन्हा पहिल्यापासून बोलावा लागतो.

इथे कुणी म्हणेल, मग कर्ज काढणारा खरेदीदार घेऊच नये. रोख देणारा गाठावा, तो इतके प्रश्न विचारत नाही. हा आक्षेप व्यवहारी वाटतो आणि गावात राहणाऱ्या विक्रेत्यासाठी पूर्वी काही अंशी खराही होता. परदेशी जाणाऱ्यासाठी तो कधीच खरा नव्हता. मध्यप्रदेशातल्या शहरांत मुद्रांक, नगर निगमचा हिस्सा आणि नोंदणी शुल्क धरून खर्च साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून खरेदीदाराला कागदावरची किंमत गाइडलाइनच्या, म्हणजे कलेक्टरने ठरवलेल्या दराच्या, जवळ ठेवून वरचे पैसे रोख द्यायचे असतात. पण 1 जून 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. त्याहून साधी गोष्ट अशी की पिशवीतले पैसे टोरांटोला जात नाहीत. जे पैसे पुढे बँकेतून न्यायचे आहेत ते बँकेतूनच यायला हवेत, आणि त्यांच्यामागे विक्रीचा कागद हवा. त्यामुळे निघालेल्या माणसाला पूर्ण रक्कम धनादेशाने देणाराच खरेदीदार चालतो. हे म्हटल्याबरोबर समोरची गर्दी कमी होते, आणि उरतात ते बहुतेक कर्ज काढणारेच. म्हणजे कागद चोख ठेवणं ही इथे केवळ काटेकोरपणाची हौस राहत नाही. ज्या गिऱ्हाइकाला आपण विकू शकतो, ते गिऱ्हाईकच कागद मागणारं असतं.

शिवाय पंचांग आहे. पितृपक्षात बयाना देणारा माणूस इथे शोधावा लागतो. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचा खरमास, त्याच सुमारास आपला पौष. उलट मार्चमध्ये रजिस्ट्री कार्यालयात उभं राहायला जागा नसते, कारण 1 एप्रिलपासून कलेक्टरची नवी गाइडलाइन लागते आणि प्रत्येकाला जुन्या दराने उरकायचं असतं. नवरात्र ते धनत्रयोदशी हा खरेदीचा मोसम. पावसाळ्यात घर दाखवू नये असं दलाल सांगतात, ओल दिसते. हे सगळं वजा केलं की वर्षात खऱ्या अर्थाने विक्रीचे महिने सहा-सातच उरतात. जूनमध्ये घर विकायला काढून ऑगस्टच्या विमानाचं तिकीट काढणाऱ्याने हे पाहिलेलं नसतं.

आता दुसरं घड्याळ, परदेशाचं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला साठ दिवस मिळतात, आणि पूर्ण अर्जाचा निकाल साधारण सहा महिन्यांत देण्याचं त्या खात्याचं उद्दिष्ट आहे. वैद्यकीय तपासणी बारा महिने ग्राह्य असते आणि तिथे पोहोचण्याची मुदत बहुधा तिच्याशी बांधलेली असते. अमेरिकेचा स्थलांतरिताचा व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. ही घड्याळं थांबत नाहीत आणि जबलपूरच्या लीज शाखेच्या घड्याळाशी त्यांची ओळख नाही. लोकांची एक समजूत इथे फार नुकसान करते: अर्जासाठी पैसे दाखवायचे म्हणून घर विकलं पाहिजे. कॅनडाला हाताशी असलेली रक्कम दाखवावी लागते हे खरं. पण चौघांच्या कुटुंबाला ती अठ्ठावीस हजार कॅनडियन डॉलरच्या आसपास असते, म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये. आणि घराची किंमत त्यात धरताच येत नाही, असं त्या खात्याने स्पष्ट म्हटलं आहे. भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी यांतून भागणाऱ्या रकमेसाठी वडिलार्जित घर घाईने काढणं म्हणजे वाटीभर दुधासाठी गाय विकणं.

वेळेचं सर्वांत मोठं बक्षीस किंवा शिक्षा मात्र आयकरात आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर भारतात राहणाऱ्याने विकलं, तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. ऐंशी लाखांवर ऐंशी हजार. तेच घर अनिवासी झालेल्या माणसाने विकलं, तर 23 जुलै 2024 पासूनच्या दराने साडेबारा टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर धरून या रकमेला 14.3 टक्के, म्हणजे अकरा लाख चव्वेचाळीस हजार. आणि तेही नफ्यावर नव्हे, साधारणपणे सगळ्या रकमेवर. नफा कमी आहे हे दाखवून कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी घेता येतो, पण त्याला पुन्हा काही आठवडे किंवा महिने. दुसरा फरक त्याहून कायमचा. जुन्या घरावर निवासी माणसाला दोन हिशेबांतला कमी कराचा निवडता येतो: महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, किंवा न लावता साडेबारा. अनिवासीला ही निवड नाही. समजा 2001 मध्ये घराची बाजारभावाने किंमत पंधरा लाख होती आणि ते 2025-26 मध्ये ऐंशी लाखांना गेलं. त्या वर्षाचा निर्देशांक 376, तेव्हा मूळ किंमत छप्पन्न लाख चाळीस हजार धरली जाते आणि कर येतो चार लाख बहात्तर हजार. निर्देशांक नसेल तर आठ लाख साडेबारा हजार, अधिभार आणि उपकर वेगळे. घर तेच, भाव तोच, फक्त विकणाऱ्याचं आयकरातलं नाव बदललं.

आणि हे नाव विमानात बसल्याच्या दिवशी बदलत नाही. ते त्या आर्थिक वर्षातल्या दिवसांच्या मोजणीवर ठरतं. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या वर्षी 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो पूर्ण वर्षासाठी अनिवासी, 1 एप्रिलपासून. 182 दिवस 29 सप्टेंबरला भरतात. म्हणजे मे महिन्यात इथल्याच गोरखपूर भागातल्या घरात राहत असताना, जबलपूरच्याच कार्यालयात सही करून घर विकणारा माणूस ऑगस्टमध्ये गेला, तर कायद्याच्या लेखी तो मे मध्येही अनिवासीच होता. त्याने निवासी म्हणून एक टक्का कापून घेतला असेल तर पुढे प्रश्न खरेदीदाराला विचारले जातात. तोच माणूस ऑक्टोबरमध्ये निघाला असता, किंवा घर आदल्या वर्षी 31 मार्चच्या आत विकलं असतं, तर हा प्रसंग आला नसता. तिकिटाची तारीख ठरवताना लोक शाळेचं वर्ष पाहतात, बर्फ पाहतात, विमानाचे दर पाहतात. ही तारीख पाहणारा माणूस क्वचित.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे मुख्त्यारपत्र. भावाच्या नावे करून ठेवतो, तो सावकाश विकेल. मुख्त्यारपत्र वाईट नाही. पण त्याने वेळ वाचतो असं मात्र नाही. मुख्त्यारपत्राच्या जोरावर घर ‘विकून टाकण्याची’ जुनी रीत सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या 11 ऑक्टोबर 2011 च्या निकालात बंद केली. मुख्त्यारपत्राने मालकी जात नाही, त्यावरून रीतसर विक्रीचा दस्त करता येतो एवढंच. ते निघण्याआधी इथेच दुय्यम निबंधकासमोर केलं तर एका दिवसाचं काम. तिकडे जाऊन करायचं झालं तर नोटरी किंवा भारतीय वकिलात, मग टपाल, मग भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. मुख्त्यारपत्र देणारा हयात आहे याचा पुरावा बँकेचा वकील मागतो, कारण देणारा गेला की ते संपतं. मध्यप्रदेशात 2015 पासून नोंदणी संगणकावर आली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये संपदा 2.0 ही नवी प्रणाली सुरू झाली. काही दस्त आता कार्यालयात न जाता, पडद्यावर ओळख पटवून होतात. हे स्वागतार्हच आहे. पण यंत्रणेने सही सोपी केली, सही करण्याचा हक्क सिद्ध करणं सोपं केलं नाही. आणि मुख्त्यारपत्राने अनिवासीचा निवासी होत नाही. कर मालकाचाच मोजला जातो, मुख्त्याराचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विकायचंच कशाला? भाव वाढतील, आणि पैसे न्यायला अनिवासी असणंच सोयीचं. यातला दुसरा भाग बरोबर आहे, तो मान्य केला पाहिजे. इथे राहणारा माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो. अनिवासी त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपया खात्यातून दहा लाख डॉलर. पण विकणं आणि पाठवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. निवासी असताना विकावं, पैसे खात्यात ठेवावेत, कर भरावा, आणि तिकडे स्थिरावल्यावर पाठवावेत. दोन्हीकडचा फायदा मिळतो. पहिल्या भागाबद्दल माझं मत कडू आहे. परक्या देशातून पाहिलं तर बंद घराचा भाव वाढताना दिसतो, वाळवी दिसत नाही. तीन पावसाळे बंद राहिलेल्या घरात ओल कुठे चढली हे शेजारी सांगतो, तेही त्याची भिंत ओली झाली तर. भाडेकरू ठेवला तर 1961 चा भाडे नियंत्रण कायदा आणि न्यायालयाच्या तारखा. त्या तारखांना मेलबर्नहून येणं परवडत नाही. ज्यांना परत यायचं आहे त्यांनी घर जरूर ठेवावं. ज्यांना यायचं नाही आणि निर्णयही घ्यायचा नाही, त्यांचं घर दर वर्षी विकायला अधिक अवघड होत जातं, कारण दर वर्षी एखादा वारस वाढतो आणि एखादा साक्षीदार कमी होतो.

राहिली भीती: आधीच विकलं आणि व्हिसा नाकारला तर? ही भीती रास्त आहे, आणि तिच्यामुळेच लोक व्हिसा येईपर्यंत थांबतात आणि मग फटीत सापडतात. पण मी जे काम आधी करायला सांगतो आहे, त्यातलं जवळजवळ काहीच व्हिसा नाकारल्याने वाया जात नाही. हक्कत्याग, लीजचं नूतनीकरण किंवा फ्रीहोल्ड, नामांतरण, वाढीव बांधकामाचा निपटारा, मूळ रजिस्ट्री हरवली असेल तर प्रमाणित प्रत. हे सगळं घरात राहणाऱ्यालाही तितकंच उपयोगी आहे. आई-वडील त्या घरात राहत असतील आणि विकण्याचा विषयही काढायचा नसेल, तरी हे करता येतं. किंबहुना तेव्हाच करावं. कोणती पावती कोणत्या डब्यात आहे, आजोबांनी प्लॉट कोणाकडून घेतला, समितीचं दप्तर कुणाच्या घरी आहे, ही माहिती त्यांच्याकडे असते, आणि हक्कत्यागासाठी आत्याला फोन करण्याचा अधिकारही त्यांचाच. मुलाने कॅनडाहून केलेल्या फोनचा अर्थ आत्याच्या घरी वेगळा घेतला जातो.

मग शेवटी किती दिवस? वाद नसलेलं नामांतरण तहसीलदाराने तीस दिवसांत करावं असं इथला कायदा म्हणतो. वाद निघाला तर पाच महिने. विखुरलेल्या वारसांच्या सह्या जमवणं, लीज, नकाशा, या गोष्टी एकापाठोपाठ एक घेतल्या तर वर्ष ते दीड वर्ष धरावं. एकत्र चालवल्या तर कमी. त्यानंतर जाहीर सूचना, गिऱ्हाईक, बयाना, बँक, रजिस्ट्री यांना चार-पाच महिने, मध्ये पितृपक्ष न आला तर. ज्याचे कागद तयार आहेत तो या चार-पाच महिन्यांतही भाव राखून बोलतो, कारण त्याला थांबता येतं. गल्लीत बातमी लपत नाही. ‘पार्टी बाहेर चालली’ हे दलालाला कळलं की बयाना लहान होतो आणि मुदत लांबते. खरेदीदार शेवटच्या आठवड्याची वाट पाहतो. त्या आठवड्यात दिलेली सूटही पूर्णपणे आपल्या मर्जीची राहत नाही: गाइडलाइनच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली विकलं, तर कर गाइडलाइनच्या किमतीवर भरावा लागतो. न मिळालेल्या पैशांवर.

रजिस्ट्री झाली, किल्ल्या दिल्या, तरी विकणाऱ्याचं काम तिथे संपत नाही. जास्त कापला गेलेला कर परत मिळवायला पुढच्या वर्षी विवरणपत्र भरावं लागतं; परतावा येतो तो त्याने विवरणपत्रात नोंदवलेल्या खात्यावर. म्हणून जबलपूरच्या शाखेतलं ते एक खातं आणखी वर्ष-दोन वर्षं उघडं ठेवावं लागतं. पत्ता बदलायचा अर्ज तेवढा सगळेच विसरतात, आणि बँकेची पत्रं विकलेल्या घराच्या जाळीच्या व्हरांड्यात पडत राहतात.